जावाच्या तिरप्या अक्षरांची पूर्वपीठिका

जावा या प्रोग्रामिंग भाषेत फॉन्ट मागताना नाव, शैली आणि आकार सांगावा लागतो. शैलीचे आकडे 1996 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून तेच आहेत: साधी 0, ठळक 1, तिरपी 2. हा 2 कुठल्याही फॉन्टला लावता येतो, मग त्याची तिरपी फाइल संगणकावर असो वा नसो. फाइल नसली तर जावा सरळ अक्षरेच कलवून दाखवते. हेच कृत्रिम इटॅलिक.

छापखान्यातले मूळ इटॅलिक असे जन्मले नव्हते. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने 1501 मध्ये व्हर्जिलच्या काव्याची छोटेखानी आवृत्ती त्या अक्षरांत छापली. खिळ्यांचे नमुने फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते. डोळ्यांसमोर होते त्या काळच्या विद्वानांचे भरभर लिहिलेले हस्ताक्षर. त्यामुळे खऱ्या इटॅलिकात अक्षराचे वळणच बदलते. छापील रोमन 'ए'च्या डोक्यावरची कमान जाते आणि तो हाताने लिहितो तसा दिसू लागतो. अक्षरे अंमळ अरुंदही होतात. यातले काहीही नुसत्या कलवण्याने साधत नाही.

संगणकाला मात्र कलवणे फार स्वस्त पडते. डिसेंबर 1998 मध्ये जावा बनवणाऱ्या सन कंपनीने अडोबीच्या सहकार्याने घडवलेले जावा टूडी हे चित्ररेखाटनाचे साधन आले आणि अक्षरांच्या बाह्यरेषांवर हवे ते भौमितिक संस्कार करणे प्रोग्रामरच्या हाती आले. प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या ठरावीक प्रमाणात उजवीकडे सरकवला की काम झाले. जावाच्या मजकूर-गुणधर्मांत तिरपेपणाचे प्रमाण 0.20 लिहिलेले आहे. सनच्या जावात अक्षरे रेखाटण्याचे काम टीटूके हे इंजिन करी. सॅम्पो कासिला यांनी ते घडवले, आणि त्याआधी अ‍ॅपलमध्ये ट्रूटाइप या फॉन्ट-प्रकाराचीही रचना त्यांनीच केली होती. पुढे जावाचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, सर्वांना खुला करताना टीटूकेचा परवाना आड आला. ओपनजेडीके या जावाच्या खुल्या आवृत्तीने फ्रीटाइप हे खुले इंजिन घेतले, आणि 2018 मध्ये जेडीके 11 या आवृत्तीपासून, सन विकत घेतलेल्या ओरॅकलच्या जावातूनही टीटूके गेले. फ्रीटाइपच्या रीतीत हे प्रमाण साधारण 0.2126, म्हणजे 12 अंशांचा कल.

यातून एक जुनी तक्रार उपजते. अक्षर कलते, पण त्याला दिलेली जागा तेवढीच राहते. मग ओळीतल्या शेवटच्या अक्षराचे डोके चौकटीबाहेर जाते आणि कापलेले दिसते. मजकूर मोजताना तार्किक चौकटीऐवजी (अक्षराला दिलेल्या जागेऐवजी) दृश्य चौकट (प्रत्यक्ष दिसणाऱ्या रेघांची) विचारावी, हा त्यावरचा खरा उपाय.

देवनागरीच्या बाबतीत मला हा प्रश्न अधिक खोल वाटतो. 2002 च्या जावा 1.4 मध्ये देवनागरीची मांडणी आली, आणि 2 हा आकडा आपल्या अक्षरांनाही लागू झाला. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो, रफार आणि अनुस्वार उजवीकडे झुकतात, उकार डावीकडे सरकतो. गणित चोख आहे, पण त्यामागे कुणाचा हात नाही. युरोपात भरभर लिहिण्यातून इटॅलिक आले. मराठीत ती गरज मोडीने भागवली आणि मोडी ही वेगळी लिपीच झाली. बाळबोध अक्षराची तिरपी जोडी बोरूने कधी घडवलीच नाही.