अंगण खरंच वाकडं होतं

२०१०च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात गोलकीपरांनी ‘जाबुलानी’ चेंडूच्या नावाने इतकी बोटं मोडली, की ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ असंच कुणालाही वाटावं. त्याच अंगणात उरुग्वेचा दिएगो फोरलान मात्र मनसोक्त नाचला. पाच गोल, त्यातले तीन पेनल्टी क्षेत्राबाहेरून. संघ चौथा आला, तरी स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ त्यालाच मिळाला.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेने कौल गोलकीपरांच्या बाजूने दिला. अमेरिकेतल्या नासाच्या एम्स केंद्रातले रबी मेहता यांनी जाबुलानीची चाचणी घेतली. क्रिकेटचा चेंडू स्विंग का होतो, यावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे हेच ते मेहता.

उडत्या चेंडूला हवेचा एक पातळ थर चिकटून असतो. चेंडूच्या शिवणीला अडखळून तो थर खवळला, तर चेंडूच्या पाठीला जास्त वेळ चिकटून राहतो. शांत राहिला, तर लवकर सुटतो. एका ठरावीक वेगाच्या आसपास मात्र एका बाजूचा थर खवळलेला आणि दुसऱ्या बाजूचा शांत, अशी स्थिती येते आणि चेंडू बाजूला ढकलला जातो. चेंडू जवळजवळ न फिरता जात असेल, तर शिवणीची जागा जराशी बदलली तरी हा धक्का उलट दिशेने बसू शकतो. म्हणजे चेंडू डावीकडे निघतो आणि मग विचार बदलतो!

३२ तुकड्यांच्या जुन्या चेंडूत हा प्रकार कमी वेगाला व्हायचा. जाबुलानीचे तुकडे फक्त आठ, शिवण थोडी, त्यामुळे तो वेग ताशी ७२ ते ८० किलोमीटरवर गेला. लांबून जोरात मारलेला चेंडू गोलपाशी पोचताना साधारण याच पट्ट्यात येतो.

जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंच, हवा विरळ, म्हणजे चेंडूला अडथळा कमी; तिथेच घानाविरुद्धची फोरलानची फ्री किक गोलकीपरला चकवून गेली. पण नेदरलँड्सविरुद्धचा गोल केपटाउनचा, म्हणजे समुद्रकाठचा. सगळं श्रेय विरळ हवेला देता येत नाही. माझ्या मते, दोन्ही पायांनी तितकाच स्वच्छ फटका मारता येणं हे त्याचं खरं भांडवल. चेंडू सगळ्यांना सारखाच लहरी होता. फायदा मोजक्यांनाच घेता आला.

२०१४च्या ‘ब्राझुका’चे तुकडे सहाच, पण शिवण जाबुलानीपेक्षा बरीच लांब, त्यामुळे तो पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला. त्या विश्वचषकात पस्तिशीतल्या फोरलानला एकही गोल करता आला नाही. संपला, असं म्हणणाऱ्यांना दोन वर्षांनी अंधेरीत उत्तर मिळालं: इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळताना त्याने केरला ब्लास्टर्सविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली आणि मुंबईने तो सामना ५-० असा जिंकला.