भेटला की भेटली?

मागच्या महिन्यात एका महाविद्यालयात ताणाच्या शरीरशास्त्रावर बोलले. हॉल रिकामा झाल्यावर एक वडील जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मुलगा समलिंगी आहे म्हणतो. कुठल्याशा सपोर्ट ग्रुपला जायचंय त्याला. तिथं जाऊन पोरं जास्तच बिघडतात ना?"

ही शंका पुष्कळ घरांत असते. अशा गटात जाऊन कोणी समलिंगी होत नाही. तिथं जे घडतं ते कळायला शरीरातली एक साखळी बघावी लागते.

धोका जाणवला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतं. त्यानं पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि रक्तात एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचलं की तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं. रक्तातली साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. हेच कॉर्टिसॉल मेंदूत परत जाऊन हायपोथॅलॅमस आणि हिप्पोकॅम्पस या भागांमधल्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटतं आणि सांगतं, पुरे. गच्चीवरची टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद पडते, तसंच. पण धोका रोजचाच झाला, तर ग्राहींची संवेदनशीलता कमी होऊ शकते. फ्लोट अडकतो, मोटर वेळेवर थांबत नाही.

समलिंगी आणि ट्रान्स मुलांचा फ्लोट कशानं अडकतो? मारहाण आणि चिडवणं तर आहेच. पण इलान मेयर या संशोधकानं २००३ साली 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची, म्हणजे अल्पसंख्य असण्यामुळे येणाऱ्या जादा ताणाची, जी मांडणी केली, तिच्यात लपवण्याचा ताणही धरला आहे. आपल्या भाषेत तर हे लपवणं क्रियापदापर्यंत पोचतं. "काल कोण भेटलं?" असं आईनं विचारलं की 'भेटला' तोंडावर आलेलं असतं आणि मुलगा 'भेटली' म्हणतो. जन्मापासून मुलगा समजल्या गेलेल्या ट्रान्स मुलीला तर स्वतःबद्दलच्या साध्या वाक्यातही 'मी गेलो' म्हणावं लागतं. दिवसभरात अशी किती वाक्यं होतात! प्रत्येक वाक्याआधी मेंदू आजूबाजूला बघून घेतो.

मॉन्ट्रियलमध्ये रॉबर्ट-पॉल जस्टर आणि सहकाऱ्यांनी ८७ जणांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल बहुतेकांचं चढतं. त्यांनी ते लाळेतून मोजलं. ज्या समलिंगी आणि उभयलिंगी (बायसेक्शुअल) व्यक्तींनी घरी-मित्रांत सांगून टाकलं होतं, त्यांची उठल्यानंतर अर्ध्या तासाची पातळी न सांगितलेल्यांपेक्षा कमी निघाली. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. आणि याचा अर्थ 'सगळ्यांनी आजच सांगून टाका' असाही नाही. घर सुरक्षित नसेल तर सांगणं हाच धोका ठरतो. म्हणून आधी सपोर्ट ग्रुपसारखी एखादी सुरक्षित खोली लागते. मुंबईत १९९४ साली सुरू झालेल्या हमसफर ट्रस्टनं आणि पुण्यात २००२ साली सुरू झालेल्या समपथिक ट्रस्टनं अशा खोल्या उघडल्या. तिथं दोन तास 'भेटला' म्हटलं तरी कोणी वळून बघत नाही.

इतकी साधी गोष्टही मोजता येते. अमेरिकेतल्या १२९ ट्रान्स आणि लिंगभाव-वेगळ्या तरुणांच्या २०१८ सालच्या अभ्यासात घर, शाळा, काम आणि मित्र अशी चार ठिकाणं घेतली होती. त्यांनी निवडलेलं नाव ज्या मुलांसाठी जितक्या जास्त ठिकाणी वापरलं जात होतं, तितकं त्यांच्यात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी होते. हजेरीत एक नाव बदलायला खर्च तो काय?

उलट खर्च होतो तो बाबा-बुवांवर आणि 'बदलून देतो' म्हणणाऱ्या दवाखान्यांवर. त्याचा मला मनापासून राग येतो. समलैंगिकता हा आजार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं अशा 'उपचारा'ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. लाज आणि भीती वाढवून कॉर्टिसॉल उतरणार कसं?

हे सगळं त्या वडिलांना सांगताना लक्षात आलं, ते अजून दाराकडेच बघत होते, कोणी ऐकत तर नाही ना. मोटर त्यांचीही चालू होती. मी त्यांना 'स्वीकार' या पालकांच्या गटाबद्दल सांगितलं. त्यांनी खिशातल्या बसच्या तिकिटामागे नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "तिथं वडील येतात का? की फक्त आयाच?"

"येतात," मी म्हटलं.