पाच लिटर हवा, एक किलो भाडे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत राहणाऱ्या एक वहिनी गेली काही वर्षे घरूनच कोल्हापुरी पायताण ऑनलाइन विकतात आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच ग्राहकांना गूळ, कांदा-लसूण मसाला आणि भडंगही पाठवतात. मध्यंतरी त्या कुरिअरचे बिल आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा अशा दोन्ही गोष्टी घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, आमच्या काट्यावर सातशे ऐंशी ग्रॅम भरतंय आणि हे दोन किलोचं बिल लावत्यात. ह्यांचा काटा खोटा का आमचा?" असा त्यांचा थेट प्रश्न होता. काटा कुणाचाच खोटा नव्हता. पार्सलाचे भाडे वजनावर ठरते, ही आपल्या सर्वांच्या मनात पोस्टाच्या तिकिटांपासून बसलेली समजूत मात्र अपुरी होती. घरातून विक्री करणारे पुष्कळजण याच समजुतीवर ग्राहकाकडून घ्यायचा पाठवणीखर्च ठरवतात आणि प्रत्येक पार्सलामागे थोडे थोडे नुकसान सोसत राहतात, म्हणून हा विषय मुळापासून मांडावासा वाटला.

वहिनींच्या खोक्याची मी मेजरटेपने मापे घेतली. लांबी ३२, रुंदी २२ आणि उंची ११ सेंटिमीटर भरली. यांचा गुणाकार ७,७४४ घनसेंटिमीटर, म्हणजे पावणेआठ लिटरच्या आसपास होतो. बहुतेक कुरिअर कंपन्या या घनफळाला ५००० ने भागतात आणि येणाऱ्या आकड्याला किलो म्हणतात. याला त्यांच्या भाषेत 'व्हॉल्युमेट्रिक' वजन म्हणतात. आपण घनफळी वजन म्हणू. वहिनींच्या खोक्याचे घनफळी वजन १.५५ किलो निघाले. खरे वजन आणि घनफळी वजन यांपैकी जे जास्त असेल ते बिलासाठी धरायचे आणि पुढच्या अर्ध्या किलोच्या टप्प्यापर्यंत वर न्यायचे, असा नियम असल्यामुळे बिल २ किलोचे झाले. पाच लिटर हवेचे खरे वजन सुमारे ६ ग्रॅम असते. भाड्याच्या हिशेबात तीच हवा एक किलो होते. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा बाहेरून मोजला तर सुमारे १९ लिटर भरतो, म्हणून तो रिकामा पाठवला तरी भाडे चार किलोचे पडेल.

ही लूट आहे, असे प्रथम कुणालाही वाटेल. परंतु या भागाकारामागे जे गणित आहे ते मला स्वतःला फार सुंदर वाटते, आणि विक्रेत्याला आपला खर्च कमी करण्याची वाटही त्यातच सापडते.

मालवाहू विमानाच्या पोटात १० टन वजन आणि ६० घनमीटर जागा एवढी सोय आहे, असे समजा. त्यात गुळाच्या रव्यांच्या (छोट्या ढेपांच्या) पेट्या भरल्या आणि अशा पेट्यांचे एका घनमीटरला ८०० किलो भरते असे धरले, तर साडेबारा घनमीटरमध्येच १० टनांची मर्यादा संपते आणि साडेसत्तेचाळीस घनमीटर जागा रिकामी जाते. त्याच पोटात भडंगाची खोकी भरली तर उलटे होते. घरी मी एक लिटरच्या मापात भडंग भरून पाहिला, तो जेमतेम शंभर ग्रॅम भरला, म्हणजे घनमीटरला १०० किलो. तेव्हा ६० घनमीटर जागा गच्च भरली तरी वजन ६ टनच होईल आणि ४ टन उचलण्याची ताकद वाया जाईल. केवळ वजनावर भाडे घेतले तर भडंगवाल्याने सगळे विमान अडवूनही तो ६ टनांचेच पैसे देईल. केवळ जागेवर घेतले तर गूळवाला सगळी ताकद वापरूनही सुमारे पाचव्या हिश्शाचेच भाडे देईल. म्हणून दोन्ही मर्यादांचे गुणोत्तर काढायचे: ६० घनमीटर भागिले १० टन, म्हणजे एका टनाला ६ घनमीटर, म्हणजेच एका किलोला ६००० घनसेंटिमीटर. विमानाने जाणाऱ्या मालासाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीत रूढ असलेला भाजक हाच आहे, आणि मी वरचे आकडे त्यासाठीच निवडले. जलद कुरिअरवाल्यांनी तो ५००० वर आणला. समुद्रमार्गे जाणाऱ्या सुट्या मालासाठी मात्र एक घनमीटर म्हणजे एक टन असे धरतात, कारण जहाजाला वजनाची चिंता विमानाइतकी नसते. भाजक बदलला की वाहन बदलले, असे ढोबळमानाने समजावे. आपल्याकडे देशांतर्गत पार्सलांना काही ठिकाणी ४००० किंवा ४५०० नेही भागतात, तेव्हा करारातला हा एक आकडा दरपत्रकाच्याही आधी वाचावा.

आता खरी गंमत. त्याच विमानात गूळ आणि भडंग मिसळून भरू. गूळ क्ष टन आणि भडंग य टन असेल तर वजनाचे समीकरण क्ष + य = १०, आणि जागेचे समीकरण १.२५ क्ष + १० य = ६०. ही दोन शालेय समीकरणे सोडवली की गूळ सुमारे ४.५७ टन आणि भडंग ५.४३ टन येतो. वजन आणि जागा दोन्ही एकाच वेळी पूर्ण भरतात. बिल मात्र गुळाचे खऱ्या वजनावर, ४.५७ टनांचे होते, आणि भडंगाचे ५४.३ घनमीटर भागिले ६, म्हणजे ९.०५ टनांचे होते. बेरीज १३.६ टन. १० टनांच्या विमानात १३.६ टनांचे भाडे मिळते. हा वाढावा कुठून आला? दोन वस्तूंपैकी प्रत्येकीला जी मर्यादा अडवते तिचेच पैसे तिच्याकडून घेतले आणि जी अडवत नाही ती दुसरीला वापरू दिली, यातून. गणिताच्या भाषेत सांगायचे तर कमाल घेणारे फल 'उपयोज्य' (सबॲडिटिव्ह) असते, म्हणजे बेरजेची कमाल ही कमालींच्या बेरजेपेक्षा कधीच मोठी नसते. आणि टप्प्यापर्यंत वर नेण्याची क्रियाही तशीच असते. ज्यांना हे वाक्य जड गेले त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की मिसळण्याचा नफा मिसळणाऱ्याला मिळतो, आणि विमानाऐवजी खोक्यातच मिसळण केली तर तो नफा विक्रेत्याचा होतो.

वहिनींच्या ओट्यावर आम्ही हे करून पाहिले. एक किलो गुळाचा रवा १४ × १४ × १२ च्या खोक्यात घातला; खरे वजन १.१ किलो, घनफळी वजन ०.४७, म्हणून बिल दीड किलोचे. अर्धा किलो भडंग २५ × २० × १२ च्या खोक्यात गेला; खरे वजन ६०० ग्रॅम, घनफळी १.२ किलो, म्हणून पुन्हा दीड किलो. दोन वेगळी पार्सले मिळून तीन किलो झाली. मग दोन्ही वस्तू २८ × २२ × १३ च्या एकाच खोक्यात बसवल्या. घनफळी वजन १.६, खरे वजन १.६५, बिल दोन किलोचे. अर्ध्या किलोला ४० रुपये दर धरला तर २४० रुपयांचे काम १६० रुपयांत होते. एकाच ग्राहकाला गूळ आणि भडंग एकत्र घ्यायला लावणारी सवलत ठेवायची असेल, तर तिच्यासाठी ८० रुपये येथून निघतात, मालाच्या नफ्यातून नव्हे.

पायताणाचे काम याहून सोपे निघाले. कोल्हापुरी चप्पल बुटासारखी साच्यात फुगलेली नसते. ती मुळात सपाट असते. तळाला तळ लावून आणि एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे करून, पट्ट्याखाली व कानाखाली (बाजूच्या चामडी पाखांखाली) कागदाची गुंडाळी सरकवली की एक जोड ३० × १३ × १० च्या खोक्यात मावतो. घनफळी वजन ०.७८ किलो आणि बिल एक किलोचे, म्हणजे पूर्वीच्या निम्मे. संरक्षणासाठी सगळीकडून दोन-दोन सेंटिमीटर जाड आवरण घालण्याची जी सवय आहे, तिची किंमतही मोजून पाहावी. २० × १५ × १० ची वस्तू तीन लिटरची असते. सर्व बाजूंनी दोन सेंटिमीटर वाढवले की खोका २४ × १९ × १४ चा, म्हणजे ६.४ लिटरचा होतो. काचेच्या बरणीसाठी ते योग्यच आहे, चामड्यासाठी नाही.

अमेरिकेत फेडेक्स आणि यूपीएस या कंपन्यांनी २०१५ उजाडता उजाडता रस्त्याने जाणाऱ्या सर्वच पार्सलांना घनफळी वजन लागू केले. त्याआधी ते तीन घनफुटांहून मोठ्या पार्सलांनाच लागत असे. हवा भरलेले मोठे खोके तेव्हापासून तेथेही परवडेनासे झाले.

अर्ध्या किलोच्या टप्प्यांबद्दल थोडे सांगायला हवे. वेगवेगळ्या वजनांची पुष्कळ पार्सले जात असतील तर प्रत्येक पार्सल सरासरीने टप्प्याच्या मध्यावर कुठेतरी पडते, म्हणून न पाठवलेल्या सुमारे २५० ग्रॅमचे भाडे प्रत्येकामागे जाते. सरसकट एकच पाठवणीखर्च ठरवताना वजनांची सरासरी काढून तिचा दर लावला, तर हे २५० ग्रॅम विसरले जातात. आधी प्रत्येक पार्सलाचे बिल काढायचे आणि मग बिलांची सरासरी घ्यायची. क्रम उलटवला की उत्तर चुकते.

अंतराचा हिशेब पिनकोडवरून होतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली, जे संस्कृत कवीही होते. कोल्हापूरचा पिन ४१६ ने सुरू होतो आणि सांगली, सिंधुदुर्गाचेही तीन आकडे तेच आहेत. सगळ्यांना एकच दर लावला तर सांगलीचा ग्राहक गुवाहाटीच्या ग्राहकाचे भाडे भरतो. निदान राज्यातले, राज्याबाहेरचे आणि ईशान्येचे असे तीन दर ठेवणे मला न्याय्य वाटते.

हाताळणीचा खर्च म्हणजे खोका, चिकटपट्टी, छापील चिठ्ठी आणि ते सारे करणाऱ्या माणसाचा वेळ. यातला वेळ घरच्या बाईचा असला की तो शून्य धरला जातो, आणि ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. दुसरा विसरला जाणारा खर्च परत येणाऱ्या पार्सलांचा. व्यापारी त्याला 'आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) झालं' असे म्हणतात. दहा पार्सलांना जाताना प्रत्येकी ८० रुपये लागले आणि एक तेवढ्याच खर्चात परत आले, तर एकूण ८८० रुपये झाले. ते दहाने नव्हे, पोहोचलेल्या नऊने भागायचे. एका पार्सलामागे ९८ रुपये येतात, ८८ नव्हे.

हा खर्च ग्राहकाला वेगळा दाखवावा की किमतीत मिसळावा? तनजीम हुसैन आणि जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली ईबेवरील लिलावांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीताच्या सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम त्यांनी जोडीजोडीने विकले. प्रत्येक जोडीत सुरुवातीची बोली आणि पाठवणीखर्च यांची बेरीज सारखीच होती, पण एका लिलावात बोली कमी आणि पाठवणीखर्च जास्त, तर दुसऱ्यात उलट होते. बेरीज लहान असताना जास्त पाठवणीखर्च लावलेल्या लिलावांना बोली लावणारे जास्त मिळाले आणि उत्पन्नही वाढले. सीडींसाठी ही बेरीज मोठी केल्यावर मात्र तो फायदा उरला नाही. लोक मुख्य किमतीकडे पाहतात आणि जोडखर्चाकडे कानाडोळा करतात, एवढे यातून दिसते. या दुबळेपणाचा फायदा घेणे मला गैर वाटते, आणि आपल्याकडे त्याला कायद्याचाही लगाम आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवून तिच्यातील पोहोचवणीचा, टपालाचा आणि हाताळणीचा खर्च फोडून सांगायचा असतो. शेवटच्या पानावर हळूच खर्च वाढवत नेण्याच्या प्रकाराला केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातले आहे. जीएसटी कायदाही माल, पॅकिंग आणि वाहतूक एकत्र पुरवल्यास तो एकच संमिश्र पुरवठा मानतो आणि मालाचाच दर सगळ्यांना लावतो, त्यामुळे खर्च वेगळा दाखवून कर वाचेल ही आशाही धरू नये.

'अमुक रकमेवर मोफत पोहोचवू' ही मर्यादा ठरवताना आपल्याकडे ५०१ किंवा १००१ असे शुभ आकडे निवडतात, आणि समाजमाध्यमांवरचे सल्लागार छातीठोकपणे सांगतात की मोफत म्हटले की विक्री दुप्पट. आकड्याच्या शेवटी एक असल्याने पार्सलाचे भाडे कमी होत नाही आणि त्या दुपटीचा पुरावा कुणी देत नाही. मर्यादा आपल्या ऑर्डरींतूनच निघते. बहुतेक ग्राहक जेवढ्याची खरेदी करतात त्याच्या थोडी वर ती ठेवावी आणि त्या रकमेवरचा नफा खऱ्या भाड्याला पुरतो का ते पाहावे. वहिनींचा हिशेब केला तेव्हा पायताणाचा एक जोड आणि भडंगाची एक पिशवी एवढ्या किमतीपाशी ती मर्यादा आली. भडंगाची पिशवी पायताणाबरोबर द्यायची तर ती अर्थातच हवाबंद हवी. चामड्याचा वास खाण्याला लागता कामा नये.

एक चूक आमच्याकडूनही झाली. भडंगाच्या पार्सलांसाठी मी २५ × २० × १० चे खोके सुचवले, कारण त्यांचे घनफळ नेमके ५००० आणि घनफळी वजन नेमके एक किलो. वहिनींनी तसे खोके मागवले, पाकिटे नीट दाबून भरली, तरी झाकण मध्यभागी अर्धा सेंटिमीटर फुगले. कुरिअरच्या केंद्रात माप सर्वांत उंच बिंदूपाशी घेतले जाते. उंची १०.५ झाली, घनफळी वजन १.०५ किलो आणि बिल दीड किलोचे. उरलेल्या खोक्यांना वहिनींनी वरून एक सेंटिमीटरवर घड्या घालून त्यांची उंची नऊवर आणली.