कोठार नेमके तेव्हाच का कोसळले?

उन्हाच्या कडाक्यात माणसे धान्याच्या कोठाराच्या सावलीला बसलेली असतात आणि ते कोठार अचानक त्यांच्या अंगावर कोसळते. मध्य आफ्रिकेतील अझांदे लोक अशा घटनेचा अर्थ कसा लावत, हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदेंना पुरते ठाऊक असे, आणि माणसे उन्हामुळे सावलीला आली हेही त्यांना मान्य असे. मात्र खांब मोडण्याची आणि हीच माणसे खाली असण्याची वेळ एकच कशी आली, या प्रश्नाचे उत्तर वाळवीपाशी नव्हते. ते उत्तर त्यांना चेटकात सापडे.

आपण अशा वेळी ‘योगायोग’ म्हणून थांबतो. शब्द बरोबरच आहे, पण ज्याचे माणूस ढिगाऱ्याखाली गेले, त्याचे त्याने समाधान होत नाही.

घटनेमागे कोणाचा तरी हेतू शोधण्याची ही ओढ फार खोलवर रुजलेली आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एका लहानशा चित्रफितीत दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ नुसते इकडून तिकडे हलताना दाखवले. वर्णन करायला सांगितलेल्या ३४ जणींपैकी एकीनेच जवळजवळ निव्वळ भूमितीच्या भाषेत उत्तर दिले. बाकीच्यांपैकी बहुतेकींना तिथे माणसेच दिसली. मोठा त्रिकोण दांडगट वाटला आणि वर्तुळ भेदरलेले. ज्या मेंदूला वर्तुळाची भीती दिसते, त्याला वादळाचा कोप दिसावा यात नवल ते काय?

तरीही माणूस सगळीकडे सारखाच श्रद्धाळू नसतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांना असे दिसले की, आतल्या शांत खाजणात, जिथे मासळी खात्रीने मिळे, तिथे कोणी मंत्रतंत्र करत नसे. खुल्या समुद्रात, जिथे जिवाला धोका होता आणि हाती काय लागेल याचा भरवसा नव्हता, तिथे मात्र विधींची रेलचेल असे. होडी बांधण्याचे कसब दोन्हीकडे लागेच. म्हणजे श्रद्धेने कौशल्याची जागा घेतली नव्हती. कौशल्य जिथे संपे, तिथून पुढे तिचे राज्य सुरू होई.

या अर्थाला किंमतही मोजावी लागते, कारण चेटूक म्हटले की चेटूक करणारा कोणी तरी हवाच. अझांदेंमध्ये कोणी आजारी पडले की कोंबडीला विष पाजून ती जगते की मरते यावरून कौल घेतला जाई, आणि ज्याचे नाव निघे त्याच्यापुढे मेलेल्या कोंबडीचा पंख ठेवला जाई. बहुधा तो माणूस भांडत नसे. तोंडात पाणी घेऊन तो पंखावर फुंकरत असे आणि सांगे की, माझ्या हातून असे काही घडत असेल तर मला त्याची जाणीव नाही, आजारी माणसाला बरे वाटो.