बाद फेरीपूर्वीचे अंदाज : एका वहीमागचा इतिहास

मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबचा बाद फेरीचा सामना जवळ आला की त्याआधीच्या रविवारी सकाळी नाशिकच्या कॉलेज रोडलगतच्या एका चहाच्या दुकानात आमचा आठ-दहा जणांचा गट जमतो आणि मधल्या टेबलावर दोनशे पानांची एक रेघी वही उघडली जाते. त्या वहीत प्रत्येक लढतीसाठी एक पान राखलेले असून त्यावर पट्टीने आखलेले सहा रकाने आहेत : गुणतक्त्यातील स्थान, मिळालेली विश्रांती, यजमानपद, कार्डे व दुखापती, गोलरक्षक आणि शेवटचा एक अरुंद रकाना, ज्याच्या डोक्यावर केवळ ‘९०+’ एवढेच लिहिलेले आहे. दोन्ही संघांना रकान्यागणिक दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची आणि पारडे कोणाचे जड आहे ते ठरवायचे, अशी ही साधी रीत आहे. मात्र हे रकाने कोणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. २०१६ च्या डिसेंबरात लिहिलेल्या पहिल्या पानावर गुणतक्त्याचा एकच रकाना होता. बाकीचे मागाहून, एकेका सामन्याने शिकवल्यावर वाढत गेले.

गुणतक्त्यावर एवढा विश्वास का होता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. भारतीय फुटबॉल मुळात बाद पद्धतीच्या स्पर्धांवर वाढला. ड्युरँड चषक १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झाला, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला, आणि मुंबईकर व आसपासच्या प्रेक्षकांसाठी कूपरेज मैदानावरील रोव्हर्सचे सामने हाच अनेक दशके फुटबॉलचा हंगाम होता. सुरुवातीची कित्येक वर्षे हा चषक गोऱ्या पलटणींकडेच राहिला. बेंगलोर मुस्लिम्स या संघाने १९३७ मध्ये तो जिंकला तेव्हा प्रथमच तो भारतीय संघाच्या हाती आला, आणि पुढे हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला. हरला तो घरी गेला, एवढाच त्या स्पर्धांचा कायदा असल्यामुळे तक्ता पाहून अंदाज बांधण्याचा प्रश्नच नव्हता.

ही सवय १९९६-९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगने आणि २००७ पासून तिची जागा घेतलेल्या आय-लीगने बदलली. या स्पर्धांत सर्वाधिक गुण मिळवणारा संघ हाच विजेता ठरत असे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये विजेतेपद मुंबईत आणले ते असेच आणले. आमच्या गटातील वडीलधारे चाहते त्या काळात घडले. दोघांचे फुटबॉलशी नाते देवळाली कॅम्पच्या मैदानांवर जुळले होते आणि मुंबईच्या क्लबांचे निकाल ते वर्तमानपत्रातून कात्रणे काढून ठेवत. महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला तरी त्यांच्या मनातील गुणतक्त्याचा मान टिकून राहिला. हंगामभर जो चांगला खेळला तोच चांगला, हे म्हणणे आजही मला सर्वांत न्याय्य वाटते.

इंडियन सुपर लीगने (आयएसएल) मात्र दोन्ही परंपरा एकत्र बांधल्या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा सातशे कोटी रुपयांचा करार केला, आणि त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात, मुंबई सिटीच्याच सामन्याने, ही स्पर्धा सुरू झाली. साखळीत आठ संघ, त्यांपैकी पहिले चार घरी व परतीचा अशा दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत आणि तेथून अंतिम सामना, ही तिची रचना होती. अमेरिकेतील मेजर लीग सॉकर १९९६ पासून याच धर्तीवर विजेता ठरवत आली आहे. इंग्लंडमध्ये प्ले-ऑफ, म्हणजे साखळीनंतरच्या बाद लढती, हा शब्द वेगळ्या कामासाठी वापरला जातो : तेथे १९८६-८७ पासून या लढती वरच्या श्रेणीत कोण जाणार हे ठरवतात, विजेता नव्हे. तेथील कथा आणखी जुनी आहे. १८९० च्या दशकात दोन श्रेणींमधील संघांना एकमेकांविरुद्ध ‘कसोटी सामने’ खेळावे लागत. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली या दोघांनाही बरोबरी पुरेशी होती, त्यांनी गोलशून्य बरोबरीच केली, आणि त्या सामन्याने एवढी नाराजी ओढवली की ही पद्धतच मोडीत काढली गेली. निर्णायक सामन्याच्या निकालावर चाहत्यांचा विश्वास बसायचा असेल तर दोन्ही संघांना जिंकण्यावाचून गत्यंतर नसावे लागते, ही गोष्ट त्या वेळीच स्पष्ट झाली होती.

पहिल्या पानाची गोष्ट अशी. २०१६ च्या साखळीत मुंबई सिटी २३ गुणांसह अव्वल ठरली आणि उपांत्य फेरीत तिची गाठ चौथ्या क्रमांकावरील अॅटलेटिको द कोलकाताशी पडली. आम्ही मुंबईला दहापैकी आठ गुण दिले होते. कोलकात्यात ३-२ असा पराभव झाला, मुंबईच्या दिएगो फॉर्लानला लाल कार्ड मिळाल्याने तो परतीच्या सामन्याला मुकला, आणि अंधेरीत दहा खेळाडूंनिशी बचाव करणाऱ्या कोलकात्याविरुद्ध मुंबईला एकही गोल करता आला नाही. त्याच रात्री पट्टी घेऊन कार्डांचा रकाना आखला गेला.

गुणतक्त्याबद्दलची आमची श्रद्धा पुढील हंगामांनी आणखी पातळ केली. २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत साखळीत अव्वल राहिलेल्या संघानेच अंतिम सामनाही जिंकला असे केवळ तीनदा घडले : २०१८-१९ मध्ये बेंगळुरू, २०२०-२१ मध्ये मुंबई आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागान. पहिल्या चार हंगामांत तर चेन्नईयिन, गोवा, मुंबई आणि बेंगळुरू हे चारही अव्वल संघ रिकाम्या हाताने परतले. हा अन्याय थोडा भरून काढण्यासाठी २०१९-२० पासून साखळीतील अव्वल संघाला स्वतंत्र शील्ड देण्यास सुरुवात झाली, आणि तिच्यासोबत आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीचे दार उघडले. खरा विजेता कोण, शील्डवाला की चषकवाला, हा वाद तेव्हापासून आमच्या टेबलावर सुरू आहे. माझे मत शील्डच्या बाजूने आहे, परंतु रात्र जागवून पाहिलेला सामना मात्र प्रत्येक वेळी चषकाचाच असतो.

विश्रांतीचा रकाना २०२२-२३ मध्ये आला, कारण त्या हंगामापासून सहा संघांना पुढे जाण्याची सोय झाली. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत आणि तिसरा ते सहावा क्रमांक यांच्यात एकेक बाद सामना, असा तो नियम होता. नाशिकमध्ये क्रिकेटचे वेड अधिक असल्याने नव्याने येणारे अनेकजण आयपीएलचे गणित येथे लावतात आणि पहिल्या दोघांना हरल्यावर दुसरी संधी मिळते असे समजतात. ती सोय आयपीएलमध्ये २०११ पासून आहे. येथे पहिल्या दोघांना मिळायची ती केवळ सवड. आणि सवडीचा लाभ होतोच असे नाही, हेही त्याच वर्षी दिसले. मुंबई सलग १८ सामने अपराजित राहून शील्ड जिंकली होती, पण त्यानंतरचे साखळीतील शेवटचे दोन्ही सामने हरून ती विश्रांतीला गेली. बेंगळुरूने ३ मार्च २०२३ रोजी केरळविरुद्ध जादा वेळेपर्यंत झुंज दिली. सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर झालेल्या गोलाचा निषेध करत केरळचा संघ मैदान सोडून गेला तो हाच सामना. चारच दिवसांनी तोच दमलेला बेंगळुरू संघ मुंबईत येऊन १-० असा जिंकला. त्या दिवसापासून विश्रांतीच्या रकान्यात आम्ही कोणालाही सहापेक्षा अधिक गुण देत नाही.

यजमानपदाचा रकाना मला व्यक्तिशः सर्वांत जास्त फसवा वाटतो, कारण त्यात आमचा स्वतःचा जीव अडकलेला असतो. नाशिकला आयएसएलचा संघ नाही, त्यामुळे घरचे मैदान म्हणजे अंधेरीचे शहाजी राजे क्रीडा संकुल. सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, आणि नाशिककरांची हक्काची पंचवटी एक्स्प्रेस त्याच्या तासभर आधीच मुंबईहून परतीला निघालेली असते. म्हणून सकाळी मिसळ खाऊन दोन गाड्या काढायच्या, कसारा घाट उतरायचा आणि मध्यरात्रीनंतर तोच घाट चढायचा, असा हा प्रवास असतो. ९ मार्च २०१९ रोजी गोव्याविरुद्धच्या उपांत्य लढतीसाठी आम्ही असेच गेलो होतो. विसाव्या मिनिटाला राफाएल बास्तोसने गोल केला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसांनी आम्हाला मिठ्या मारल्या होत्या; सामना संपला तेव्हा फलक १-५ असा होता. इगतपुरी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. याउलट मुंबईचे संस्मरणीय विजय परक्या मैदानांवरचे आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठा, ४ मे २०२४ चा, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठ हजारांहून अधिक विरोधी प्रेक्षकांसमोर मोहन बागानविरुद्ध ३-१ असा मिळवलेला आहे.

येथे पुण्याचाही उल्लेख केला पाहिजे. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचली, बालेवाडीत बेंगळुरूशी ०-० अशी बरोबरी झाली आणि परतीच्या सामन्यात छेत्रीच्या तीन गोलांपुढे ती १-३ अशी हरली. वहीत त्या लढतीचेही एक पान आहे. पुढच्याच वर्षी तो क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली, त्यामुळे पुण्याच्या नावाचे दुसरे पान कधी लिहिले गेले नाही.

गोलरक्षकाच्या रकान्यामागे पेनल्टी शूटआउटचा इतिहास आहे. फुटबॉलच्या नियमांत शूटआउटला मान्यता मिळाली १९७० मध्ये; त्यापूर्वी बरोबरीत सुटलेली लढत पुन्हा खेळवली जाई किंवा थेट नाणेफेक होई, आणि १९६८ च्या युरोपीय स्पर्धेची इटली-सोव्हिएत संघ उपांत्य लढत खरोखरच नाण्याने निकाली काढली होती. नाण्यापेक्षा गोलरक्षकाचे हात बरे, याबद्दल दुमत असू नये. मार्च २०२१ मध्ये, करोनामुळे सर्व सामने गोव्यात प्रेक्षकांविना होत असताना, मुंबई आणि गोवा यांच्या दोन्ही लढती बरोबरीत सुटल्या, आणि शूटआउटच्या तोंडावर प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी अमरिंदरसिंगला बाहेर घेऊन फुर्बा लाचेन्पाला उतरवले. मुंबई ६-५ अशी जिंकली आणि पुढे विजेतीही ठरली. दोनच वर्षांनी बेंगळुरूत मुंबईने परतीचा सामना २-१ असा जिंकून एकूण बरोबरी साधली, पण नवव्या फटक्यावर गुरप्रीतसिंग संधूने मेहताबसिंगला अडवले आणि संदेश झिंगनने ९-८ असा निकाल लावला.

राहिला तो ‘९०+’ चा, म्हणजे नव्वद मिनिटे भरत आल्यावर काय होईल याचा रकाना. त्यात आम्ही गुण देत नाही, तो रिकामाच ठेवतो. स्पर्धेचा अगदी पहिला अंतिम सामना मोहम्मद रफीकने भरपाईच्या वेळेत कोलकात्याला जिंकून दिला होता, २०१९ चा अंतिम सामना राहुल भेकेने जादा वेळ संपता संपता बेंगळुरूला मिळवून दिला, आणि २०२१ मध्ये बिपिनसिंगने नव्वदाव्या मिनिटाला मुंबईला चषक दिला. पण रकाना आखला गेला तो २४ एप्रिल २०२४ च्या रात्री. फातोर्ड्यात गोवा २-० असा पुढे होता, घड्याळात नव्वद मिनिटे भरत आली होती, आणि गंगापूर रोडवरच्या ज्या घरी आम्ही सामना पाहत होतो तेथून दोघे गाडी काढण्यासाठी खाली उतरले होते. लालियनझुआला छांगतेने एक, विक्रमप्रतापसिंगने दुसरा आणि छांगतेनेच पुन्हा तिसरा, असे सहा-सात मिनिटांत तीन गोल झाले. खालचे दोघे आरडाओरडा ऐकून जिन्याने धावत वर आले तेव्हा फलक २-३ असा होता. तीनपैकी एकही गोल त्यांनी प्रत्यक्ष पाहिला नाही.

वहीतील अलीकडचे पान २९ मार्च २०२५ चे आहे. मुंबई कशीबशी सहावी आली होती, परंतु तिने ते स्थान मिळवले होते साखळीतील आपल्या शेवटच्या सामन्यात, बेंगळुरूच्याच मैदानावर बेंगळुरूला २-० असे हरवून. अठराच दिवसांनी तोच प्रतिस्पर्धी आणि तेच मैदान असल्याने आमच्या बेरजेत मुंबई दोन गुणांनी पुढे निघाली. निकाल ०-५ असा लागला. एक गोल होर्हे पेरेरा दियाझचा होता, ज्याने वर्षभरापूर्वी सॉल्ट लेकवर मुंबईसाठी गोल केला होता. आणि त्या रात्री मुंबईचा कर्णधार म्हणून चषक उंचावणारा राहुल भेकेही आता बेंगळुरूकडे परतलेला होता. ही एकाच सामन्याची लढत होती, रोव्हर्सच्या काळासारखी. दोन टप्प्यांच्या लढतीत पहिला फटका बसला तरी सावरायला काही दिवस मिळतात, २०२३ मध्ये मुंबईने तसे सावरूनही दाखवले होते. येथे नवव्या मिनिटाला सुरेश वांगजामचा गोल झाला तेव्हाच सारा आराखडा बदलावा लागला.

पुढच्या रविवारी त्या पानावर कोणी खाडाखोड केली नाही. पुढचे पान मात्र नव्याने आखले आहे. त्यात सात रकाने आहेत, आणि गुणतक्त्याच्याही आधी, सर्वांत डावीकडे, ‘एक सामना की दोन’ असे लिहिलेले आहे.