मीठ आहे, करवंटी आहे. मग अडतं कुठे?

सोडियमच्या बॅटरीचा विषय निघाला की गोव्यात कुणीतरी म्हणतंच, "मग आपल्या मिठागरांना बरे दिवस येणार!" आगरवाडा, हडफडे, नेरूलची मिठागरं टिकावीत असं मलाही वाटतं, पण बॅटरीच्या भरवशावर नको. पृथ्वीच्या कवचात वजनाने दोन टक्क्यांहून जास्त सोडियम आहे. लिथियम दहा लाख भागांत जेमतेम वीस. टंचाई सोडियमची नाहीच. त्याला बॅटरीत बसवायचं कुठे, यावर घोडं अडतं.

चार्ज करताना धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, धन इलेक्ट्रोडमधून सुटतात आणि इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून ऋण इलेक्ट्रोडमध्ये शिरतात. वापरताना उलटा प्रवास. इलेक्ट्रॉनांना या द्रवातून वाट नाही, ते बाहेरच्या तारेने जातात; आपल्याला मिळते ती वीज हीच.

लिथियमच्या बॅटरीत ऋण बाजूला बहुधा ग्रॅफाइट असतं. त्याच्या थरांत दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम मावतो. सोडियम मात्र तिथे जवळपास शिरतच नाही. आकाराने मोठा म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. पण पोटॅशियम त्याहून मोठा, आणि तो ग्रॅफाइटमध्ये खुशाल शिरतो! खरं कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे: सोडियम आणि ग्रॅफाइट यांचं तसं संयुग स्थिर राहत नाही.

यावर तोडगा हार्ड कार्बनचा. २००० साली कॅनडात स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजपासून असा कार्बन बनवला आणि त्यात सोडियम भरपूर साठतो हे दाखवलं. त्याचे थर वेडेवाकडे, मधे बारीक पोकळ्या. कितीही तापवला तरी त्याचं नीटनेटकं ग्रॅफाइट होत नाही, आणि इथे तेच हवं असतं. आपल्याकडे ढिगाने पडणाऱ्या करवंट्या हवेविना हजार अंशांच्या वर तापवल्या की असाच कार्बन मिळतो. मात्र करवंटीत पोटॅशियमसारखे क्षार असतात. ते धुऊन काढावे लागतात, आणि झाडागणिक माल बदलतो ते वेगळंच.

खरी कटकट इलेक्ट्रोलाइटची. पहिल्याच चार्जिंगला तो ऋण इलेक्ट्रोडवर थोडा विघटित होतो आणि तिथे एक पातळ पापुद्रा धरतो. हा पापुद्रा चांगला जमला तर पुढची झीज थांबते. सोडियमचा पापुद्रा लिथियमच्या मानाने जास्त विरघळतो, म्हणून तो टिकवायला द्रवात निरनिराळी रसायनं चिमूटभर घालून पाहतात. त्यात पाण्याचं वावडं. सोडियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट हा नेहमीचा क्षार ओलाव्याने फुटतो आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. म्हणून प्रयोगशाळेत सेल जुळवायचा तो आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत, जिथे पाणी दहा लाखांत एका भागापेक्षाही कमी. जुलैत चपलांवर बुरशी धरणाऱ्या गोव्यात असा कोरडेपणा राखणं किती खर्चाचं, ते वेगळं सांगायला नको.

धन बाजूला प्रशियन ब्लू या स्वस्त, लोखंडयुक्त रंगद्रव्याचा भाऊबंद चालतो, पण तोही स्फटिकात पाणी धरून बसतो.

वजनात सोडियम मागेच राहणार. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये किलोमागे १६० वॉट-तासांचा सेल जाहीर केला. लिथियमचे चांगले सेल त्याच्या बरेच पुढे आहेत. पण छपरावरच्या सोलरसाठी जमिनीवर ठेवलेल्या बॅटरीचं वजन कोण मोजतो? शिवाय सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही. त्यामुळे ऋण बाजूला महाग तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम चालतं, आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करून निर्धास्त ट्रकमध्ये चढवता येतो. लिथियमच्या सेलमध्ये तसं केलं तर ते तांबं विरघळू लागतं.