स्टीव्ह कर कोच होण्याआधीची गोष्ट
एनबीए म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने 2014 मध्ये स्टीव्ह करला हेड कोच म्हणून आणलं तेव्हा त्याने आयुष्यात एकही मॅच हेड कोच म्हणून काढलेली नव्हती, म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण मागचा हिशोब बघितला तर ते एवढं अचानक नव्हतं.

प्लेअर म्हणून हा कधीच स्टार नव्हता. 1988 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स नवीन प्लेअर निवडतात तो) दुसऱ्या राउंडला 50 वा नंबर, पुढे पंधरा सीझनमध्ये 910 मॅचेस आणि त्यात स्टार्ट फक्त 30, सरासरी सहा पॉइंट्स. म्हणजे जवळजवळ सगळं करिअर बेंचवर बसून कधी बोलावतील याची वाट बघण्यात गेलं, आणि बोलावलं की थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंट्सचा शॉट) मारायचा, करिअरचे थ्री 45 टक्क्यांच्या वर, आजही एनबीएत सगळ्यात भारी. 1997 च्या फायनलची सहावी मॅच आठवा, हा शिकागो बुल्सकडून मायकेल जॉर्डनसोबत खेळत होता, युटाविरुद्ध 86-86, टाइमआउटमध्ये जॉर्डनने त्याला सांगितलं की युटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येईल, तयार राहा, आणि झालंही तस्संच, पाच सेकंद उरलेले असताना करने शॉट घातला. हाच जॉर्डन, ज्याने दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये त्याच्या डोळ्यावर ठोसा मारला होता!

पण माझ्या मते खरी कमाई म्हणजे बेंचवर कोणाशेजारी बसला ती. बुल्समध्ये कोच फिल जॅक्सन, मग स्पर्समध्ये कोच पॉपोविच, दोघांकडे मिळून पाच रिंग्ज, म्हणजे पाच चॅम्पियनशिप. नंतर टीव्हीवर कॉमेंट्री, 2007 ते 2010 फिनिक्स सन्सचा जनरल मॅनेजर, तिथला फास्ट खेळ जवळून बघितला. जॅक्सन त्याला न्यूयॉर्क निक्सचा कोच व्हायला बोलावत होता, तरी हा वॉरियर्सकडेच गेला.

आधीच्या सीझनमध्ये वॉरियर्स पासिंगमध्ये लीगमध्ये शेवटचे होते, करने आल्या आल्या एका मॅचला 300 पासेसचं टार्गेट ठेवलं. जॅक्सनचा ट्रँगल (तीन-तीन प्लेअरच्या त्रिकोणात पास करत खेळायची पद्धत), स्पर्सचं बॉल फिरवणं, सन्सचा स्पीड, सगळी भेसळच म्हणा, पण टीमचा स्टार स्टेफ करीकडे बघून केलेली. पहिल्याच वर्षी 2015 ची फायनल 2-1 ने मागे असताना निक युरेन नावाच्या स्टाफमधल्या पोराने सुचवलं की उंच सेंटर बोगटला बसवून त्याच्यापेक्षा छोट्या, चपळ इग्वाडालाला स्टार्ट करा, करने ऐकलं, प्रेसला लाइनअपबद्दल सरळ खोटं सांगितलं, आणि ती मॅच जिंकल्यावर क्रेडिट मात्र युरेनला दिलं; पुढच्या दोन्ही मॅचेसही जिंकून टायटल घेतलं. पुढचं सगळ्यांना माहितीये, 73 विजय आणि 9 पराभवांचा सीझन (आणि त्याच वर्षी 3-1 ने पुढे असून हरलेली फायनल, हेही आलंच), मग 2017, 2018, 2022 ची टायटल्स.

2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा कोच म्हणून गोल्ड मिळवून दिलं, पण सर्बियाविरुद्धच्या दोन्ही मॅचेसमध्ये बोस्टन सेल्टिक्सचा स्टार टेटमला एक मिनिटही खेळवलं नाही. मग नोव्हेंबरमध्ये वॉरियर्स बोस्टनला गेले तेव्हा तिथल्या पब्लिकने बू करून करून सगळं वसूल केलं.